उतरवलं कुणी?

१

बुधवारी आमची प्रयोगशाळा अर्धा दिवस असते. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या येतात. आमच्याकडे मेण, प्लास्टर आणि अनोळखी माणसांच्या जबड्यांचे साचे असतात. मी कवळ्या करतो. वीस वर्षं करतोय आणि बऱ्या करतो. हात स्थिर आहे, डोळा बरा आहे, पण म्हणून आपण कधी लढाऊ विमान उडवू असं स्वप्नातही आलं नव्हतं.

ते डोक्यात घातलं मावशीने. मावशीने एकतीस वर्षं लोकांना विमान चालवायला शिकवलं. तिच्या हाताखालून गेलेल्या एकानेही विमान मोडलं नाही, आणि तिची बोलणी न खाता सुटलेलाही एक सापडणार नाही. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा तिसऱ्या दिवशी परत आली, आल्याआल्या तिने नर्सला झापलं. पायही हट्टाने परत आला. उजवा हात मात्र आला नाही. तो तिच्या मांडीवर पडून असायचा आणि ती त्याला घरजावई म्हणायची, कारण खातो आणि काम करत नाही.

"खरं विमान आता मला कुणी देणार नाही, हे कळतं मला," ती एकदा म्हणाली. "पण खोटं तरी एकदा माझ्या हाताने उतरवीन. कुणाच्या मदतीशिवाय. एकदा. मग बंद."

म्हणून तिच्या घरी दोन कॉम्प्युटर आले. एक तिच्या खोलीत, एक बाहेरच्या खोलीत, मध्ये भिंत. लढाऊ विमानांचा सिम्युलेटर होता, त्यात पंखा असलेलं जुनं, दोन आसनांचं एक विमान होतं. पुढच्या आसनावर शिकणारा, म्हणजे मी. मागच्यावर मास्तर, म्हणजे ती. भिंतीपलीकडून तिचा खोकलासुद्धा ऐकू यायचा, तरी आम्ही हेडफोन लावून बोलायचो. "विमानात भिंत नसते," ती म्हणायची. मी एकदा चुकून 'गेम' म्हणालो तर तिने मला तीन दिवस नुसतं जमिनीवर इकडून तिकडे विमान फिरवायला लावलं.

तिची मुलगी, माझी मावसबहीण, मी तिला ताई म्हणतो, ती मावशीची काळजी घ्यायची. ताईची बदली झाली होती. महिनाअखेर दोघी दुसऱ्या गावी जाणार होत्या, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे हे दोन कॉम्प्युटर, पेडल आणि लोखंडी खुर्च्या मावणार नव्हत्या. म्हणजे मावशीच्या हातात चार रविवार आणि चार बुधवार होते, आणि तोवर तिने डाव्या हाताने केलेला प्रत्येक प्रयत्न नाकावर आपटला होता.

२

मावशीकडे शिकणं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिला महिना तिने मला शत्रू दाखवलाच नाही. सरळ उडायचं, एवढंच. मला वाटायचं सरळ उडण्यात काय आहे? मग कळलं की मी सरळ उडत नव्हतो, घसरत होतो. समोर एका छोट्या नळीत गोळी होती. ती मध्यावर ठेवायची, पायाने. "गोळी डावीकडे, डावा पाय. पाय झोपलेत का तुझे, कवळीवाल्या?" भिंतीमागे बसून तिला माझे पाय झोपलेले कळायचे.

मग तिने उंचीबद्दल शिकवलं. उंची म्हणजे माळ्यावर ठेवलेल्या टाकीतलं पाणी. वर असलं की केव्हाही खाली सोडता येतं, सगळं सोडून दिलं की मग बादली घेऊन पळायचं. वळताना गुडघ्यांमधली दांडी, जिने विमान वळतं आणि वरखाली होतं, ती ओढायची नाही, मागायची. जास्त मागितलंस तर पंख थरथरतात. ती थरथर म्हणजे विमानाचं तोंड. त्याने एकदा बजावलं की ऐकायचं. दर दहा मोजले की मागे बघायचं, मागे काही नसलं तरी. मी रस्ता ओलांडतानाही मागे बघायला लागलो होतो. प्रयोगशाळेतला सहकारी म्हणाला, "कुणी मागे लागलंय का रे तुझ्या?"

आणि सगळ्यांत मोठा नियम दांडीचा. विमान एक, दांड्या दोन, त्यामुळे विमान कुणाच्या हातात आहे याबद्दल क्षणभरही शंका नको. देणारा म्हणणार, "दिलं." घेणारा म्हणणार, "घेतलं." देणारा पुन्हा म्हणणार, "दिलं," आणि दोन्ही हात खांद्यावर ठेवणार. तीन शब्द. "दोघांच्या हातात असलेलं विमान वाईट," मावशी म्हणायची, "पण कुणाच्याच हातात नसलेलं त्याहून वाईट. तिथे माणसं शांतपणे मरतात. प्रत्येकाला वाटत असतं, दुसरा बघतोय."

असं कुणी शिकवलं असतं तर मी शाळेत नापास झालो नसतो. मला ती बाई फार मोठी वाटायची, आजही वाटते.

३

त्या बुधवारी आडवा वारा लावला होता. सिम्युलेटरमधले सगळे मदतीचे पर्याय मावशीने पहिल्याच दिवशी बंद करून टाकले होते, तेव्हा आडवा वारा म्हणजे आडवाच. धावपट्टी समोर दिसत होती आणि विमान खेकड्यासारखं तिरकं तिच्याकडे सरकत होतं. त्याच वेळी दारावरची घंटा वाजली. ताईने दार उघडलं, कुणाशी तरी बोलली. मी हेडफोनचा एक कान जरा सरकवला. तेवढ्यात मावशी 'घेतलं' म्हणाली असं वाटलं आणि मी हात खांद्यावर ठेवले.

कान परत लावला तेव्हा विमान उतरत होतं.

काय उतरत होतं! वाऱ्याकडचा पंख जरासा झुकवलेला, नाक धावपट्टीच्या रेषेत, आणि वेग इतका हळू ओसरत होता की काटा हलताना दिसेना. जमिनीपासून हातभर वर आल्यावर दांडी दोनदा अगदी किंचित उजवीकडे गेली आणि परत आली, चाचपून बघितल्यासारखी. आमच्या दांड्यांत मोटर होती, एकीकडे हललं की दुसरीकडे कळायचं. माझे हात खांद्यावर होते, तरी गुडघ्यांमध्ये ती हललेली मला दिसली. मग एक चाक टेकलं. मग दुसरं. कुठलाही आवाज नाही. मी वीस वर्षांत एकही दात इतका अलगद बसवलेला नाही.

"मावशी!" मी ओरडलो. "डाव्या हाताने! अगं, काय उतरवलंस!"



"मी?" मावशी म्हणाली. "मी तुला शाबासकी देणार होते. तू दिलं म्हणालास का?"

"तू घेतलं म्हणालीस ना?"

"मी काही म्हणाले नाही. माझा हात चहाच्या कपावर आहे."

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं होतं. त्याला ब्रेक कुणी लावला, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझ्या टेबलावर रोज मेलेल्यांसारखे हसणारे तीस जबडे असतात. त्यांतला एकही अजून बोलला नाही. म्हणून मी रीतसर शोध घेतला.

मदतीचे पर्याय पुन्हा तपासले. बंद होते. खेळाडूंच्या यादीत नावं दोनच होती. मग मनाशी म्हटलं, विमान नीट तोललेलं असलं तर ते आपलं आपण थोडं उडतं, हे तर मावशीनेच शिकवलंय. उडतं, मान्य. पण आडव्या वाऱ्यात पंख झुकवून एका चाकावर उतरतं? मग मनाशी म्हटलं, माझाच हात असेल, मला भान नसेल. पण माझा हात मला ठाऊक आहे. त्याला इतकं चांगलं येत नाही, आणि हे कबूल करताना लाज वाटत नाही.

रविवारी आम्ही चाचणी घेतली. चांगल्या उंचीवर जाऊन दोघांनी एकदम म्हटलं, "एक, दोन, तीन, सोडलं!" विमानाने जे करायला हवं तेच केलं. आधी जरा डावीकडे कललं, मग नाक खाली घातलं, मग गोल गोल फिरत खाली जायला लागलं. जमिनीच्या अगदी जवळ मी घाबरून दांडी धरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच वेळा केलं.

"झालं समाधान?" मी म्हणालो. मला खरंच हायसं वाटलं होतं.

"नाही," मावशी म्हणाली. "आत्ता आपल्याला माहीत होतं की कुणीच धरलेलं नाही. त्या दिवशी माहीत नव्हतं."

"त्याने काय फरक पडतो?"

"मला काय विचारतोस? मी विमान शिकवते."

त्यानंतर ती त्याला पाहुणा म्हणायला लागली. बोलावल्याने येत नाही आणि न बोलावता येतो, तो पाहुणा. आम्ही हसलो. ताईही हसली, तिला वाटलं सिम्युलेटरमधलंच काहीतरी असेल.

५

पुढच्या बुधवारी मावशीने शत्रू आणला. एकच, पण चिवट. सूर्याच्या बाजूने आला आणि मला कळायच्या आत मागे चिकटला. मी दांडी मागितली नाही, ओढली. विमान कडकडून वळलं, पडद्याच्या कडा काळ्या झाल्या आणि तो काळेपणा मध्यापर्यंत आला. इतक्या जोरात वळलं की वैमानिकाच्या डोक्यातलं रक्त खाली उतरतं, सिम्युलेटर ते असं दाखवतो. मला काहीच दिसेना. मी 'दिलं' म्हणालो असं मला वाटलं. मी नुसता कण्हलो, असं मावशी नंतर म्हणाली. तिचाही पडदा काळा होता आणि तिने दांडीला हात लावला नव्हता.

दिसायला लागलं तेव्हा आकाश खाली होतं आणि शेतं वर. विमान एका मोठ्या, सावकाश वळशात पाठीवर पडलं होतं, घाई नाही, थरथर नाही, नळीतली गोळी बरोबर मध्यावर. त्या वळशात आमचा वेग जितका कमी व्हायला हवा तितकाच कमी झाला आणि मागचा शत्रू सरळ आमच्या पोटाखालून पुढे निघून गेला. मग आम्ही सुलटे झालो आणि तो आमच्यासमोर होता. कुणीही गोळी झाडली नाही. विमान त्याच्यामागे नुसतं शांतपणे उडत राहिलं, उगाच फिरायला निघाल्यासारखं. दांडी दोनदा किंचित उजवीकडे गेली आणि परत आली.

माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले होते. इतकं सुंदर काम मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. "वा!" माझ्या तोंडून निघालं. "वा, उस्ताद!"

"घेतलं!" मावशी भिंतीपलीकडून खच्चून ओरडली. हेडफोनची गरज नव्हती. दांडीला झटका बसला, विमान गचकलं, डावा पंख खाली गेला. तिने ते वेडंवाकडं सावरलं आणि खेळ बंद करून टाकला.

मी तिच्या खोलीत गेलो तेव्हा ती घामाघूम झाली होती.

"त्याचं कौतुक करू नकोस," ती म्हणाली.

"का? तूच म्हण, असा हात पाहिला आहेस का कधी?"

"नाही. मी शिकवलेल्यांत नाही आणि मला शिकवणाऱ्यांतही नाही. माणसाच्या हाताला कंटाळा असतो, भीती असते. याच्या हाताला काही नाही." तिने घरजावयाला डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवलं. "आणि मला सांग, मी उद्या नीट उतरवलं तर मला कळणार कसं की ते मीच उतरवलं? माझ्याकडे एवढंच राहिलंय रे. ते वाईट असलं तरी चालेल, पण माझं पाहिजे."

मला स्वतःची फार लाज वाटली. मी तिला शब्द दिला की तिच्या प्रयत्नाच्या वेळी तीन शब्द मोठ्याने, स्पष्ट, एकदा नाही तर दोनदा म्हणायचे. विमान कुणाच्या हातात आहे याबद्दल तसूभरही शंका राहू द्यायची नाही. शंका नसली की पाहुणा येत नाही, एवढं आम्हाला कळलं होतं.

६

त्यानंतर तिने सात प्रयत्न केले. तीन शब्द दोनदा, माझे हात खांद्यावर, डोळे समोर. एका हातात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायची मूठ, आणि दांडी दोन्ही मावत नाहीत, म्हणून ती थ्रॉटल आधीच पूर्ण बंद करून घ्यायची आणि मग डावा हात दांडीवर आणायची. म्हणजे एकदा खाली यायला लागलं की पुन्हा वर जाणं नाही. सातही वेळा आपटलं. एकदा पंख मोडला, एकदा धावपट्टीशेजारच्या कुंपणात गेली. दर वेळी मला आत कुठेतरी बरं वाटायचं, कारण ते आपटणं निःसंशय तिचं होतं. पाहुणा आला नव्हता.

शेवटच्या रविवारी घरात खोकी बांधलेली होती. पुस्तकांची कपाटं रिकामी, पडदे उतरवलेले, आवाज घुमायचा. ताई फोन कानाला लावून सामानवाल्याशी भांडत फिरत होती. मावशीने सकाळीच सांगून टाकलं होतं, "आज एकच."

उडालो. वारा नव्हता. तिने मला आधी थोडं फिरवून आणलं, खालची नदी, टेकड्या, ढगांच्या कडा. शिकवणं नाही, बोलणी नाहीत. मग धावपट्टीच्या दिशेने वळलो.

"दिलं," मी म्हणालो.

"घेतलं."

"दिलं. हात खांद्यावर."

"पुन्हा."

पुन्हा म्हटलं. दोघांचे आवाज घरभर घुमले. ताई मावशीच्या खोलीत काहीतरी ठेवायला गेली, तिच्या चपलांचा आवाज मी ऐकला, मावशी तिला "श्श" म्हणाली. मग थ्रॉटल बंद झालं आणि पंख्याचा आवाज गेला. नुसता वारा राहिला.

खाली आलो. ती थोडी उजवीकडे वाहवत होती. दुरुस्ती उशिरा झाली, मग जास्त झाली, डाव्या हाताची चूक. माझे दात एकमेकांवर आवळले होते. नाक वर गेलं, लवकर गेलं, विमान पाच हातांवरून पडलं, उडालं, पुन्हा पडलं, पुन्हा उडालं, तिसऱ्यांदा पडलं आणि राहिलं. एक चाक गवतात गेलं. विमान वेडंवाकडं फिरून, शेपटी पुढे आणि नाक मागे करून थांबलं.

पण ते उभं होतं. काहीही मोडलं नव्हतं.

भिंतीपलीकडून एक आवाज आला. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शाबासकी देणारी बाई रडत होती.

७

मी आत धावलो. ताई आधीच तिच्या गळ्यात पडली होती. मावशीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, झटक्याच्या आधीही नाही. "बघितलंस? तीनदा उडालं!" ती मला म्हणाली. "माझ्या विद्यार्थ्याने असं उतरवलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता!"

मी तिच्या पायांशी वाकलो आणि तिथेच थांबलो.

टेबलाखाली कॉम्प्युटरच्या बाजूला ताईचा फोन जमिनीवर होता आणि त्याची वायर कॉम्प्युटरमध्ये खोचलेली होती. तिथे आधी जी वायर होती ती शेजारी लोंबत होती. मी ती बोटाने धरून वरपर्यंत गेलो. ती मावशीच्या दांडीची होती.

"ताई," मी खालूनच विचारलं, शक्य तितक्या सहज, "फोन केव्हा लावलास गं?"

"तुमचं ते दिलं-घेतलं चाललं होतं ना, तेव्हाच. सामानवाला पुन्हा फोन करेल आणि हा बंद पडेल म्हणून. का रे, काही बिघडलं का?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

मी फोनची वायर काढली आणि दांडीची जागेवर लावली. दांडीच्या मोटरने एक हलकासा आवाज केला आणि ती ताठ उभी राहिली. मावशी ताईच्या खांद्यावर डोळे पुसत होती.

तिला वाटत होतं, तिच्या हातात आहे. मला वाटत होतं, तिच्या हातात आहे. आणि कुणाच्याच हातात नव्हतं.

दोघी जेवायला बसल्या तेव्हा मी बाहेरच्या खोलीत रिप्ले लावला. सिम्युलेटर प्रत्येक उड्डाण साठवून ठेवतो, ते बाहेरून बघता येतं. मी विमानाच्या बाजूने, काचेतून आत बघितलं. मागच्या आसनावर मावशीची आकृती होती. पुढच्या आसनावर माझी. माझ्या टोपीवरच्या छोट्या कॅमेऱ्यामुळे मी जिकडे मान वळवीन तिकडे त्या आकृतीची मान वळते. मी शपथेवर सांगतो, पूर्ण उतरणीत मी समोर धावपट्टीकडे बघत होतो. मान हलवायची मला हिंमत नव्हती.

आकृती समोर बघत नव्हती. तिची मान पूर्ण मागे वळली होती, माणसाची वळते त्याहून थोडी जास्त. ती वाकून मावशीच्या डाव्या हाताकडे बघत होती, अगदी सुरुवातीपासून. दांडीची वायर निघालेली असताना तो हात पडद्यावर हलायलाच नको होता, पण हलत होता. मावशीने दांडी उजवीकडे नेली की क्षणभराने विमान उजवीकडे जायचं. तिने उशीर केला की विमानही उशीर करायचं. एकदाही काही सुधारलं नाही. दोनदा किंचित चाचपणं नव्हतं, अलगद टेकणं नव्हतं. इतकं चांगलं उडवणाऱ्याने तिच्यासाठी बरोबर तिच्याइतकं वाईट उतरवलं होतं, एका बोटाचाही फरक न ठेवता.

मला भीती वाटत होती, ती तर वाटत होतीच. पण त्या भीतीच्याही वर मला जे वाटत होतं त्याला मी आदर म्हणतो. मला दुसरा शब्द येत नाही. मग मी रिप्ले पुसून टाकला.

८

मंगळवारी गाडी आली. सामान आधीच गेलं होतं. ताईने मावशीला मागच्या सीटवर बसवलं, उशी लावली, घराला कुलूप लावायला गेली. मी खिडकीशी उभा राहिलो. मावशी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटली होती: डॉक्टरांना, शेजारणीला, सामान उचलणाऱ्यांना. त्यांतल्या कुणालाच विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी सगळे टाळ्या वाजवत होते.

"ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "एक विचारते. शेवटी शेवटी दांडी सैल लागली मला. हातात काही जोरच येत नव्हता विमानाचा."



"वेग उतरला की सैल लागणारच," मी म्हणालो. "पंखांवरून हवाच जात नाही नीट. थ्रॉटल बंद करून उतरणाऱ्याला तर हमखास लागते."

ती माझ्याकडे बघत राहिली. एकतीस वर्षं तिने समोर बसून खोटं बोलणारी माणसं ओळखली होती: झोप झाली म्हणणारी, प्यायलो नाही म्हणणारी, भीती वाटत नाही म्हणणारी. त्यांतल्या एकालाही तिने त्या दिवशी उडू दिलं नव्हतं. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून सावकाश फिरले, आणि मी माझी मान हलू दिली नाही.

"कवळीवाल्या," ती शेवटी म्हणाली, "फार चांगला विद्यार्थी झालास तू."

तिने डावा हात खिडकीतून बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला. ताई येऊन पुढे बसली, तिने विचारलं, "काय चाललंय दोघांचं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "मी उतरवलं, हेच पुन्हा सांगत होते त्याला."